मुठीतलं मीठ

मांडव्याहून नवऱ्याकडची थळे मंडळी साडेअकराला यायची होती. नीराबाई नऊलाच येऊन ओटीवर बसली. नवऱ्यामुलाची आजी अडीच तास आधी येते म्हणजे डोक्यात काहीतरी घेऊनच येते, हे मोकलांच्या घरात कोणालातरी कळायला हवं होतं. पण मोकलांचं आपलं असं आहे, एकदा खोटं खपलं की पुढचं बघायचं नाही. कल्पिता हे लहानपणापासून बघत आली होती, आणि आज तर तिचाच साखरपुडा होता.

अर्धे केस बांधलेले, अर्धे सुटे, अशी ती चहा घेऊन बाहेर आली. नीराबाईने कप बाजूला सरकवला आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून चटईवर मांडली. हिरवं परकर-पोलकं. चांदीची वाटी. साखरेचा एक वेगळा पुडा.

“हे तुजं न्हाय,” ती म्हणाली. “हे धाकटीचं, प्राप्तीचं. आज तिचा नवस फिटतोय, मग तो गुपचूप कशाला फेडायचा? माईकवाल्याला मी सांगून ठेवलंय. तुमच्या अंगठ्या झाल्या की तिनं मांडवात यायचं, मुठीतलं मीठ या वाटीतल्या पान्यात सोडायचं, तोंडात साखर घ्यायची आनि मौन सोडून पयलं नाव तुजं घ्यायचं. दोन्हीकडची चारशे मानसं येतायत. माजं भजनी मंडळ तर त्याच्यासाठीच येतंय.”

कल्पिताने सरकवलेला कप उचलला. ही दुसरी कोणी म्हातारी असती तर तिला गोड बोलून वळवता आलं असतं. पण नीराबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. अलिबागपासून पेणपर्यंत तिने चाळीस वर्षं लग्नं लावलेली, मांडवात तिच्या शब्दापुढे भटजीसुद्धा जात नाही.

“बघते, आजी,” एवढंच म्हणून कल्पिता आत वळली.

नवस वगैरे काही नव्हताच. नोव्हेंबरात थळे मंडळी कल्पिताला बघायला आली, तेव्हा नीराबाईने तेरा वर्षांच्या प्राप्तीला सहज जवळ बोलावून नाव विचारलं होतं. प्राप्ती उभीच राहिली. ओठ पांढरे, उजवी मूठ घट्ट, आणि घामाने ओली झालेली ती मूठ सुटून खडेमीठ टपटप लादीवर पडलं. मग आजोबा बोलले. काळूराम मोकल, तीन वेळा सरपंच, बारसं असो नाहीतर शोकसभा, भाषण खिशात तयार. ते म्हणाले, “नवस हाय तिचा. बहिनीचा साखरपुडा होईतो मुठीत मीठ नि तोंडाला कुलूप.”

आणि समोरची माणसं हेलावली. नीराबाईने त्या पोरीची ओली मूठ उचलून डोळ्यांना लावली. लग्न तिथेच जमलं म्हणायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यात ही गोष्ट मांडव्यापर्यंत, तिथून कुठे कुठे गेली. दोन बायका तर आजारी नातवासाठी ‘व्रतवाल्या पोरीच्या हातचं’ चिमूटभर मीठ मागायला दारात आल्या, आणि आजोबांनी ते दिलं.

खरी गोष्ट एवढीच होती की प्राप्तीला माणसांची भीती वाटायची. लाजणं वेगळं आणि हे वेगळं. जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी तिला ओकारी व्हायला लागली. जुलैत ती डबा संडासात बसून खायची हे कळलं. ऑगस्टमध्ये तिने खाणंच सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि कशासाठी उठायचं असं विचारायची. घरातल्यांनी दृष्ट काढली, पोटाचे तीन डॉक्टर केले. शेवटी कल्पिताच तिला अलिबागला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, आणि यातून मुलं बाहेर येतात, पण एकेक पायरी चढून. त्यांनी प्राप्तीकडूनच एका वहीत दहा पायऱ्या लिहून घेतल्या. पहिली, दुकानात बोट न दाखवता पाव मागणे. दहावी, वर्गासमोर उभं राहून धडा वाचणे. आणि घाबरायला झालं की हातात काहीतरी धर म्हणाल्या, टोक जाणवेल असं. प्राप्तीने आजोबांच्या मिठागरातलं खडेमीठ निवडलं.

ऑक्टोबरपर्यंत तिने चार पायऱ्यांवर खुणा केल्या होत्या. नवसाची बातमी फुटल्यापासून वहीत एकही नवी खूण नव्हती.

---

“एक शब्द आहे,” अल्पेश म्हणाला. “कल्पिता. संपलं. एवढं काय त्यात?”

मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. अल्पेश, काळूरामांचा धाकटा मुलगा, मांडवाच्या माणसांशी भांडून आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. बंदरावर त्याचे चार ट्रेलर चालायचे आणि जगातलं प्रत्येक काम फोनवर दोनदा ओरडलं की होतं असं त्याला वाटायचं. तो काही वाईट माणूस नव्हता. थोरला भाऊ गेल्यापासून सहा वर्षं वहिनीचं नि पोरींचं सगळं त्यानेच बघितलं.

“आणि एकदा बोलली ना, की सुटली,” तो पुढे म्हणाला. “नवस फिटला, विषय मिटला. उद्यापासून बोल म्हणावं हवं तेवढं.”

काळूरामांना हे पटलं. त्यांनी मान डोलावली आणि कॉटवर बसलेल्या नातीकडे बघितलं. पोरीची मूठ मिटलेलीच होती. खरं सांगायचं तर या मुठीचा त्यांना राग यायचा. त्यांनी आयुष्य माणसांत काढलं, आणि त्यांच्या रक्ताची पोर माणसांना बघून थरथरते, हे त्यांना कोणाला सांगवत नव्हतं. नवस सांगितला तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरीची अब्रू झाकली.

“घसा बसलाय म्हणून सांगू या का?” पोरींची आई सत्यवती हळूच म्हणाली. सासऱ्यांसमोर ती नेहमीच हळू बोलायची. “गरम पाण्याचा पेला घेऊन बसवू तिला.”

“आई, अजून एक खोटं?” कल्पिताने पदराची पिन ओठांतून काढली. “त्यापेक्षा मी प्रणयला फोन करते. नाही करायचं मला हे लग्न. माझ्या साखरपुड्यासाठी तिला फासावर चढवणार आहात का?”

“तोंड सांभाळ,” काळूराम म्हणाले. “चारशे मानसांचं जेवन शिजतंय बाहेर.”

“ताई, तू फोन नाही करायचास.”

आवाज बारीक होता, पण सगळे कॉटकडे वळले. प्राप्ती घरात बोलायची, तेसुद्धा एकावेळी एकाशी. पाच माणसांच्या खोलीत ती गेल्या कित्येक महिन्यांत बोललेली काळूरामांना आठवेना.

“तुला प्रणयदादा आवडतात. तू फोन नाही करायचास,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “आणि मी माईकवर नाही बोलणार. मी गेले तर तिथेच पडेन. मग परत पहिल्या पायरीपासून. मला परत तिथे नाही जायचं, काका. ऑगस्टमध्ये कसं होतं ते तुम्हाला माहीत नाही.”

“मग करायचं काय?” काळूरामांनी विचारलं.

प्राप्तीने उशीखालून वही काढली. पान उघडलं आणि आजोबांपुढे धरलं. सहावी पायरी. अनोळखी मोठ्या माणसाशी स्वतःहून बोलणे, किमान तीन वाक्यं.

“पाचवी राहिलीय. वर्गात ‘हजर’ म्हणायची. ती मला करूच देत नाहीत. पण सहावी करता येईल. नीराबाई आजी ओटीवर एकट्याच आहेत.”

“नि काय सांगशील?”

“खरं.”

काळूरामांनी वही मिटून टाकली. आता त्यांना पहिल्यांदा कळलं की इथे भीती कोणाला वाटतेय. “न्हाय,” ते म्हणाले. “ती बाई मांडवात उभी राहून माजी सालटी काढील. तीन वेळचा सरपंच मी. कोन कुठं जानार न्हाय. दार लाव, अल्पेश.”

दार लावलेलंच होतं. सत्यवती उठली आणि तिने ते उघडलं. सव्वीस वर्षांत ती सासऱ्यांना उलटून बोलली नव्हती, आणि आताही तिचा आवाज वर गेला नाही.

“बाबा, तिला जाऊ द्या,” ती म्हणाली. “माझ्या पोरीला चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटतंय.”

---

प्राप्ती आधी न्हाणीत गेली. तोंडावर गार पाणी मारलं. मुठीतलं मीठ तळहातावर पसरून मोजलं, अकरा खडे. अलिबागच्या मॅडम म्हणायच्या, आत घ्यायच्या श्वासापेक्षा सोडायचा श्वास लांब ठेव. तिने चारपर्यंत मोजत घेतला, सातपर्यंत मोजत सोडला. छातीत धडधडत होतंच. ते थांबायची वाट बघायची नाही, हेही मॅडमनीच सांगितलेलं. धडधडत असतानाच जायचं.

पहिलं वाक्य तिने तयार करून ठेवलं. दुसरं नोव्हेंबरपासून मनात तयारच होतं.

नीराबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होती. प्राप्ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळ्यांत बघवेना, म्हणून तिने नाकातल्या चमकीकडे बघितलं. मुठीतला एक खडा अंगठ्याखाली दाबला.

“आजी, मी नवस केला नव्हता.”

नीराबाईने अडकित्ता टाकला, झटक्यात पुढे झाली आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. “अगो, काय करतेस? अजून साखरपुडा व्हायचाय. दोन तास कळ काढ की.”

त्या हाताला सुपारीचा नि चुन्याचा वास येत होता. असं काही होईल हे प्राप्तीने धरलंच नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, बरं झालं, आता जाऊ या आत. तिने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि तोंडावरून खाली घेतला.

“नवस नव्हता. मला माणसांची भीती वाटते. तुम्ही नाव विचारलंत तेव्हा मला बोलताच आलं नाही. आजारच आहे तो. अलिबागला मॅडमकडे जाते मी.”

सहा वाक्यं झाली. वहीत तीनच होती.

नीराबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “नि मीठ?”

“मीठ टोचतं. घाबरले की मला सगळं लांब गेल्यासारखं वाटतं, आवाज ऐकूच येत नाहीत. टोचलं की कळतं, मी इथेच आहे.”

“मी ती मूठ डोल्यांना लावली होती,” नीराबाई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “आख्ख्या मांडव्यात सांगत फिरले. माज्या सुनंनं तुज्यासाठी हे परकर-पोलकं शिवलं, दोन रात्री बसून. लोकं हसतील माज्यावर.”

“हो,” प्राप्ती म्हणाली. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

“आता बी भीती वाटते?”

“हो. पाय बघा.”

ड्रेसखाली पाय खरंच लटपटत होते. नीराबाईने ते बघितलं.

“मग चाललं व्हतं ना झाकलेलं. कोन तुला बोलायला सांगत न्हवतं. तुला तर बरंच की.”

प्राप्तीचे डोळे भरले, आणि तिला राग आला. स्वतःला राग येतोय हे तिचं तिलाच नवीन होतं.

“पाववाला मला पाव मागू देत नाही,” ती म्हणाली. “मी पाव म्हणाले तर तो म्हणाला, बोलू नकोस, पाप लागेल. शाळेत बाई हजेरीला माझं नाव वगळतात. मी आठ दिवस आरशासमोर ‘हजर’ म्हणत होते. आठ दिवस. आणि त्या वगळतात. मला बोलायचंय, आजी. थोडंच बोलायचंय, पण माझं मला बोलायचंय.”

बाहेर आचाऱ्याने मोठ्या कढईत झारा आपटला. प्राप्ती दचकली, पण हलली नाही.

“नवसाचं कोनी काढलं?” नीराबाईने विचारलं.

“आजोबांनी.”

नीराबाईने अडकित्ता उचलला, पुसला आणि पिशवीत ठेवला. “जा तू आत,” ती म्हणाली. एवढंच.

---

बारा वाजायला आले तरी नीराबाई कोणाशी बोलली नव्हती. सत्यवती तिच्या चेहऱ्याकडे बघून बघून थकली. मांडव भरला होता. प्रणय कल्पिताशेजारी बसला होता, बंदरावरच्या नोकरीतून रजा काढून आलेला साधा मुलगा, त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. भजनी मंडळाच्या बायका पुढच्या रांगेत, चांदीची वाटी पाटावर. प्राप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, जुन्याच ड्रेसमध्ये.

अंगठ्यांचं तबक पुढे आलं, तेव्हा नीराबाईने हात वर केला.

“थांबा जरा.” तिला माईकची गरज नव्हती. “आधी नवसाचं सांगायचंय. नि ते काळूरामशेट सांगतील.”

तिने माईक घेतला, चालत गेली आणि काळूरामांच्या हातात दिला. हातात देताना काहीतरी बोलली. सत्यवतीला ते ऐकू आलं नाही, पण सासऱ्यांचा चेहरा उतरला ते दिसलं.

काळूराम उठले. ज्या माणसाने कलेक्टरसमोर तासभर भाषण केलं होतं, तो माईक तोंडाशी धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी घसा खाकरला. तो माईकमधून सगळ्या मांडवात ऐकू गेला. पुन्हा खाकरला. मागून कोणीतरी हसलं. माईक हलायला लागला तेव्हा सत्यवतीच्या लक्षात आलं की हात थरथरतोय, आणि हे थरथरणं तिने याच घरात रोज बघितलं होतं. अल्पेश पुढे व्हायला निघाला. ती त्याला थांबवणार, तोवर दारातून प्राप्ती निघाली.

स्वयंपाकघराच्या दारापासून मांडवाच्या मध्यापर्यंत वीसएक पावलं असतील. चारशे माणसांनी माना वळवल्या. पोरगी खाली बघत, भिंतीच्या कडेने नाही, सरळ मधून गेली. ती माईकजवळ गेली नाही. आजोबांचा मोकळा हात तिने धरला, उघडला, त्यात आपल्या मुठीतलं मीठ ओतलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

“मूठ आवळा,” ती म्हणाली. सत्यवती जवळ होती म्हणून तिला ऐकू आलं. “आधी श्वास सोडा. पूर्ण. थांबायची वाट बघू नका. थरथरतच बोला.”

मग ती तिथेच उभी राहिली, त्यांच्या कोपराला चिकटून.

काळूरामांनी श्वास सोडला. मूठ आवळली.

“माज्या नातीनं नवस केला न्हवता,” ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “मी खोटं बोललो. पोरीला मानसांची भीती वाटते, तिचा इलाज चाललाय. मना लाज वाटली, म्हनून मी नवस सांगितला. त्या दोन बायांना मी मीठ दिलं, त्यांची मी माफी मागतो. माज्या खोट्यापायी पोरीचा इलाज चार महिने थांबला. तिला बोलायचं होतं, मीच तिचं तोंड बांधून ठेवलं.”

मांडवात कुजबूज सुरू झाली. प्रणयचा मामा उठून उभा राहिला, “आजाराचं घर आधी सांगायला नको?” असं म्हणाला. दोन-तीन माना हलल्या. सत्यवतीने डोळे मिटून घेतले. काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं, आणि असं वाटल्यावर तिची भीतीच गेली.

“तू बस खाली,” नीराबाई प्रणयच्या मामाला म्हणाली. “मना सकाळी सांगितलंय. ह्या पोरीनं सांगितलंय, माज्या तोंडावर, पाय लटपटत असताना. मी तिचं तोंड दाबलं तर माजा हात बाजूला करून सांगितलं. अशा घरातली सून मना चालते. प्रणय, तुला?”

प्रणयने कल्पिताकडे बघितलं. “मला अंगठी घालायची आहे,” तो म्हणाला.

“मग घाल की.” आणि भजनी मंडळाकडे वळून ती म्हणाली, “नि गावच्या पाववाल्याला कोनीतरी सांगा. ही पोर पाव मागंल तर तिला पाव द्यायचा. पाप लागलं तर मना लागंल.”

मग तिने धवला धरला. चांगला खणखणीत. बाकीच्या बायकांनी मागून उचलला आणि त्या आवाजात बोलणाऱ्यांची बोलणी राहून गेली. साखरेचा पुडा घेऊन ती प्राप्तीपुढे आली. नाव विचारलं नाही, बोल म्हणाली नाही. चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली आणि गात गात पुढे गेली.

तीन वाजता पंगती उठल्या. प्राप्ती मागच्या पडवीत वही घेऊन बसली होती, थकून पांढरीफटक झालेली. सहाव्या पायरीवर तिने खूण केली. पाचवी तशीच सोडली. ती सोमवारची होती.

काळूराम आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी मूठ उघडली. मीठ घामाने अर्धं विरघळलं होतं, आणि तळहातावर खड्यांच्या लाल खुणा उमटल्या होत्या.

“हे घे तुजं,” ते म्हणाले.

प्राप्तीने त्यांची बोटं पुन्हा मिटली.

“ते तुमचं झालं, आजोबा,” ती म्हणाली. “माझ्याकडे दुसरं आहे.”